खाजेची ती ट्यूब

नमस्कार मंडळी. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमटच, आणि नेमक्या याच दिवसांत फार्मसीत माणसं काऊंटरवर वाकून हळू आवाजात विचारतात, "खाजेवरची ती ट्यूब आहे का हो?" मी डिचोलीत फार्मसिस्ट आहे, आज त्या ट्यूबबद्दलच बोलायचंय.

आधी कातडीचं थोडं. मोठ्या माणसाची कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल. अगदी वर असतात मेलेल्या पेशी, केराटिननं म्हणजे नखं-केसांत असतं त्याच कडक प्रथिनानं भरलेल्या, त्या रोज झडतात आणि खालून नव्या वर सरकतात, साधारण ४ आठवडे लागतात. त्याखालच्या थरात रक्तवाहिन्या, नसा, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, आणि तळाला चरबी. घाम वाळला की अंग थंड होतं, पण आपल्या गोव्याच्या दमट हवेत तो वाळतच नाही, जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली साचून राहतो, आणि गजकर्णाच्या बुरशीला हेच हवं असतं कारण तिचं खाणंच मुळी केराटिन. ती बाहेरच्या बाजूला पसरत जाते, मधली जागा बरी होत येते, म्हणून ती गोल चकती दिसते.

आता ट्यूब. बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत कडक स्टेरॉईड असतं. लाली आणि खाज म्हणजे शरीर बुरशीशी झगडतंय त्याची खूण, स्टेरॉईड तो झगडाच दाबतं, दोन दिवसांत बरं वाटतं, माणूस ट्यूब बंद करतो आणि बुरशी दुप्पट जागा धरते. मागच्या पावसात एक ट्रक ड्रायव्हर आला होता, दिवसभर सीटवर बसून घामानं भिजणारा, सहा महिने कुणीतरी दिलेली ट्यूब लावत होता, जांघेतली कातडी कागदासारखी पातळ झालेली, लालसर पट्टे उठलेले. ते पट्टे पूर्ण जात नाहीत हो. पंचविशीतला पोरगा. मला फार वाईट वाटलं.

म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही स्टेरॉईड दिसलं तर डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका. ही औषधं वाईट नाहीत, एक्झिमाला, सोरायसिसला डॉक्टर देतातच, पण गजकर्णावर नाही. आणि डाग गेला म्हणून बुरशी गेली असं नसतं, सांगितलेले सगळे आठवडे औषध लावायचं, घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनीही सोबतच घ्यायचं, टॉवेल वेगळा ठेवायचा.

आणखी एक, फिकट डाग असेल, खाज नाही, उलट तिथे बोट लावलेलं कळतच नाही, तर ट्यूब सोडा आणि तपासून घ्या, तो कुष्ठरोग असू शकतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि माणूस पूर्ण बरा होतो.

बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, किंवा जवळच्या स्किनच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. लाजू नका, त्या बघितल्या की डॉक्टरला अर्धा आजार तिथेच कळतो.