वाशिष्ठीचं वाढलेलं पाणी आणि चढणीचे मासे

कोकणातल्या बहुतेक नद्या मे महिन्यात वरच्या अंगाला डोहांपुरत्या उरतात. चिपळूणच्या वाशिष्ठीचं तसं नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला उतरतं, पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज करतं आणि मग वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा खोऱ्याचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने असं पश्चिमेकडे वळवायला मंजूर केलेलं पाणी आहे वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे ६७.५ अब्ज घनफूट. मला हमखास विचारतात, ‘सर, मग वाशिष्ठीत मासे दुप्पट व्हायला हवेत की!’ आज त्याबद्दलच बोलतो.

पहिल्या पावसात मासे चढतात, हे इथे कुणाला सांगायला नको. रत्नागिरीकडे चढणीचे मासे म्हणतात, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. नदी एकदम फुगते, पाणी गढूळ आणि गार होतं. अंड्यांनी भरलेली मादी याच इशाऱ्यावर असते. ती प्रवाहाच्या उलट ओढ्यात, तिथून भातखाचरात शिरते. तिथे पाणी उथळ, पिल्लांना खायला भरपूर, गिळणारे मोठे मासे कमी. पाणी ओसरायच्या आत पिल्लांनी नदी गाठायची. काही आठवड्यांचा कारभार. तेवढ्यात चुकलं तर वर्ष गेलं.

आता घाटमाथ्यावर या. कोयना धरण १०३ मीटर उंच. जूनमध्ये ते बरंच खाली गेलेलं असतं, त्यामुळे पहिला पूर ते गिळून टाकतं. दरवाजे उघडल्याची बातमी आपण वाचतो ती बहुतेकदा जुलैअखेर नाहीतर ऑगस्टात. पाटणजवळ केरा नदी येऊन मिळते म्हणून धरणाखालची कोयना अगदीच थंड बसत नाही, पण मूळ धारेचा इशारा उशिरा येतो. आणि माशाला उशिराचा पूर चालत नाही.

वाशिष्ठीत गोष्ट उलटी. तिथे पाणी कमी नाही, पण ते विजेच्या मागणीप्रमाणे सुटतं. मुंबई-पुण्यात संध्याकाळी दिवे लागले की जनित्रं चालू, मागणी उतरली की बंद. अशा नदीत काठाची पातळी काही तासांत चढते-उतरते. काठाच्या उथळ पाण्यात घातलेली अंडी उघडी पडतात, बोटाएवढी पिल्लं धारेबरोबर वाहून जातात. म्हणजे पाणी बारमाही, तरी मासा वाढेलच असं नाही. उन्हाळ्यात डोहांत अडकून तग धरणाऱ्या, पावसाच्या हिशेबाने जगणाऱ्या जातींना हे नवं वेळापत्रक जाचतं.

मग कुणाला मानवतं? चिलापीला! मोझांबिकची ही तिलापिया १९५२ साली भारतात आली. नर चिखलात खड्डा करतो, मादी अंडी तोंडात धरून वाढवते. तिला ना पूर हवा, ना खडी. धरणाचं स्थिर पाणी मिळालं की ती झकास वाढते. भिगवणच्या बाजारात उजनी धरणाच्या माशांचे ढीग पाहा. त्यात चिलापी किती आहे ते मोजा. किलो वाढतात आणि जाती घटतात, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. सरकारी अहवालात ‘मत्स्योत्पादन वाढले’ वाचलं की मला म्हणूनच आनंद होत नाही.

दुसरी भानगड जमिनीची. मळ्या नावाचा बोटभर लांबीचा मासा हातात घेऊन उलटा करा. हनुवटीखाली वाटोळी चकती दिसेल. तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. आता वर डोंगर कापून प्लॉट पाडले, रस्ता काढला, की पहिल्या पावसाला लाल माती उतरते. दगडावर साका बसतो, खडीच्या फटी बुजतात. मळ्याचं ताट गेलं. खडीत अंडी घालणाऱ्यांची जागाही गेली. पाणी तेवढंच, नदी मात्र वेगळी.

जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढायला पोकलेन उतरले. चिपळूणकरांनी काय भोगलं ते सगळ्यांनी पाहिलं. गाळ काढू नका असं म्हणायची माझी छाती नाही. पण नदी एकसारखी, सपाट तळाची करून ठेवायची गरज नसते. डोह डोह राहू द्या. काठची वाळुंज, करंज, उंबर तोडू नका. त्यांच्या मुळांत पिल्लं दडतात आणि सावलीने पाणी गार राहतं.

धरणवाल्यांकडून काय मागायचं? जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाबरोबर थोडं पाणी खाली सोडणं. पूर्ण पूर नको, चढण सुरू होण्यापुरता. आणि वीजघराचं पाणी एकदम न तोडता हळूहळू कमी करणं.

छोट्या नद्यांवर तर उपाय गावाच्या हातात आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाआधी काढायचे असतात. वेळेत निघाले तर खालचे मासे सरळ वर जातात. निघायला उशीर झाला तर ते बंधाऱ्याखाली गोळा होतात, आणि तिथे जाळी लावून लोक आधीच बसलेले असतात.