भूजलशास्त्र पदवीला घ्यायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आयोजकांनी पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘करिअर मार्गदर्शन’ असं छापलंय. मार्गदर्शनाची हौस मला बेताचीच. पण समोर बारावी झालेली मुलं आहेत, त्यांचे आईवडील आहेत, मागच्या रांगांत बीएस्सीची मंडळीही दिसतायत. तेव्हा ज्यासाठी बहुतेक जण आलात ते आधी सांगून मोकळा होतो. महाराष्ट्रात ‘बीएस्सी हायड्रोजिऑलॉजी’ अशी पाटी शोधत फिरू नका. आपल्याकडची रुळलेली वाट अशी आहे की बीएस्सीला भूशास्त्र घ्यायचं, त्यात भूजलाचा एखाद-दुसरा पेपर येतो, आणि पुढे एमएस्सीला त्यात खोल शिरायचं. कॅनडातल्या वॉटर्लूसारख्या विद्यापीठात पदवीलाच हा विशेष विषय घेता येतो. ते वाचून काही मुलं हिरमुसतात. मला विचाराल तर हिरमुसण्यासारखं त्यात काही नाही. आपल्याकडे भूजल कळायला आधी दगड कळावा लागतो, आणि आपला दगड तीन वर्षं सहज खातो.

वॉटर्लूच्या आसपास हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि खडी आहे. पाणी कणाकणांच्या मधल्या जागेत राहतं आणि तिथूनच वाहतं. या शास्त्राचा पायाच मुळी वाळूत घातलेला आहे. आँरी दार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने दिजाँ शहरात वाळू भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून मोजमापं घेतली आणि पाणी किती वेगाने झिरपतं याचा आपला नियम १८५६ साली मांडला. तो नियम तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकाल, सोपा आहे. पण पेपर देऊन घरी आलात की शेतातल्या विहिरीच्या कडेला काळा कातळ दिसतो, आणि त्यात वाळू औषधालासुद्धा नसते.

राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा. साडेसहा कोटी वर्षांहून आधी लाव्ह्याचे थरांवर थर पसरत गेले. भाकऱ्यांची चवड डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक भाकरीचा वरचा पापुद्रा फुगलेला, सच्छिद्र. त्यालाच गावाकडे मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट, त्याला काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल, चिकण मातीचा पट्टा असतो, तो रेड बोल. मांजऱ्यात पाणी मावतं, पण त्याची भोकं झिओलाइटच्या पांढऱ्या खड्यांनी बुजलेली असली तर तेही मावत नाही. पाषाणाला भेगा असतील तर पाणी वाहतं, नसतील तर ठणठणाट. आणि हे सगळं आडवं मांडलेलं असताना मध्येच एखादा डाईक, म्हणजे लाव्ह्याची उभी भिंत, आरपार घुसलेली असते. ती कधी पाणी अडवते, कधी तिच्याच कडेच्या भेगांतून पाणी पळतं.

म्हणून पदवीच्या मुलांना मी मे महिन्यात विहिरीवर नेतो. पायऱ्यांची विहीर असेल आणि मालक हो म्हणाला तर उतरायचं, नाहीतर काठावरून दुर्बीण. पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळे विहिरीचं पोट उघडं पडतं. वर हातभर काळी माती, मग मुरूम, मग सांध्यांचा, म्हणजे भेगाळलेला दगड, मग मांजऱ्या. कुठेतरी कातळावर आडवी ओली रेघ दिसते आणि ऐन उन्हाळ्यात तिथे हिरवे नेचे उगवलेले असतात. तो झरा. बऱ्याचदा त्याच्या बरोब्बर खाली लाल पट्टा सापडतो, कारण चिकण माती पाणी खाली जाऊ देत नाही आणि ते आडवं सरकत विहिरीत येतं. मुलांनी टेप सोडून त्या रेघेची खोली मोजायची, वहीत विहिरीचं चित्र काढायचं, मग शेजारच्या विहिरीवर जाऊन तीच रेघ शोधायची. चार विहिरींत ती सापडली आणि काठांच्या उंचीचा फरक वजा केला, की जमिनीखालचा जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर, कागदावर उतरायला लागतो.

आता गणित. गणिताला घाबरून भूशास्त्राकडे वळलेली मुलं दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी ही वाईट बातमी. पण जे गणित सर्वांत कामाचं आहे ते शाळेतलंच आहे. इथेच करून दाखवतो.

समजा गावात ६०० मिलिमीटर पाऊस पडला. केंद्राच्या भूजल अंदाज समितीने १९९७ साली जी प्रमाणं घालून दिली, त्यांत सच्छिद्र, सांध्यांच्या बेसाल्टमध्ये पावसाचे साधारण १३ टक्के मुरतात असं धरलंय. म्हणजे ७८ मिलिमीटर. वीतभरसुद्धा नाही. पण याच बेसाल्टमध्ये पाणी सोडू शकणारी मोकळी जागा धरलीय फक्त २ टक्के. ७८ ला ०.०२ ने भागा. पाणीपातळी जवळजवळ ४ मीटर वर येते! तेच ७८ मिलिमीटर गाळाच्या जमिनीत, मोकळी जागा १० टक्के धरून, पातळी ७८ सेंटिमीटरच वर आणतील. दसऱ्याला तुडुंब दिसणारी विहीर पाहून आपण बागायतीची स्वप्नं रंगवतो, ती या २ टक्क्यांमुळे. आणि जेवढ्या झपाट्याने वर आली तेवढ्याच झपाट्याने ती खाली जाते. आता कांदा घ्या. त्याला हंगामात चारशे-पाचशे मिलिमीटर पाणी लागतं. एका एकराच्या कांद्यासाठी पाच-सहा एकरांवर मुरलेलं पाणी हवं. दिलेल्यातलं थोडं परत झिरपतं, पण त्याने हिशोब फारसा हलत नाही. आणि त्या पाच-सहा एकरांत शेजाऱ्याचीही जमीन आलीच.

हे एवढं गणित ग्रामसभेत खडूने करून दाखवता आलं तर तुमची पदवी वसूल झाली असं मी मानतो.

दुसऱ्या वर्षापासून पंपिंग टेस्ट येते. पंप सुरू करायचा, पातळी किती उतरते ते मिनिटामिनिटाला मोजायचं, बंद केल्यावर कशी चढते तेही मोजायचं. पाठ्यपुस्तकात तुम्हाला, उपसा चालू असताना पातळी कशी उतरते याचं टाइस या अमेरिकन शास्त्रज्ञाचं १९३५ सालचं सूत्र भेटेल. उष्णता पसरण्याच्या गणितावरून त्याने ते बसवलं. सुंदर सूत्र आहे, पण ते विहिरीत साठलेलं पाणी नगण्य मानतं. बारीक कूपनलिकेला ते ठीक. आपली विहीर ६ मीटर व्यासाची. तिच्यात एक मीटर पाणी म्हणजे २८ हजार लिटर! समजा पंप तासाला २१ हजार लिटर उपसतोय आणि तासात पातळी ६० सेंटिमीटर उतरली. ६० सेंटिमीटर म्हणजे जवळपास १७ हजार लिटर. म्हणजे पंपाने फेकलेलं बहुतेक पाणी विहिरीत आधीच होतं, दगडाने दिलं फक्त चारेक हजार. सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकून टाइसचा आलेख काढणाऱ्या मुलाला हे दिसत नाही. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी वेगळ्या पद्धती आहेत, त्या मागून घ्या. अभ्यासक्रमात नसल्या तरी मागा.

पाणाड्याबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच बोलतो. तळहातावरचा नारळ उभा राहिला, काटकी फिरली, बोअर मारला, पाणी लागलं. लागतंही. झिजलेला, सांध्यांचा थर दूरवर पसरलेला असेल तर कुठेही भोक पाडलं तरी थोडं पाणी लागायची शक्यता बरी असते. किती लागेल, ते मे महिन्यापर्यंत पुरेल का आणि कुणाच्या विहिरीचं आटेल, हे नारळ सांगत नाही. खरं तर रेझिस्टिव्हिटी यंत्र, म्हणजे जमिनीचा विजेला होणारा रोध मोजणारं यंत्र, घेऊन फिरणारे कित्येक जणही सांगत नाहीत. ‘पॉइंट’ दाखवून पैसे घेतात आणि गाडीत बसतात. त्यांच्यापेक्षा पाणाड्या निदान स्वस्तात पडतो.

कायद्याचा पेपर मुलं ऑप्शनला टाकतात. टाकू नका. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध आणले. हेतू चांगला होता. पण ५०० मीटर ही नकाशावरची रेघ. मध्ये डाईक आडवा असेल तर ५० मीटरवरची विहीरही त्या स्रोताला धक्का लावणार नाही, आणि एकाच भेगेवर बसलेली लांबची विहीर तो कोरडा पाडील. पुढच्या, २००९ च्या कायद्याने शेती आणि उद्योगांसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घ्यायला बंदी घातली. तिथेही खडक पाहूनच बोलावं लागतं. कायदा करणाऱ्यांना सरसकट आकडा लागतो हे मी समजू शकतो. तो गावात लावताना मात्र दगड वाचणारा माणूस सोबत हवा, आणि तो तालुक्याला एखादाही मिळताना मारामार.

सगळा महाराष्ट्र बेसाल्टचा नाही, हेही लक्षात ठेवा. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात खोल गाळ आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी असून पिता येत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडे फ्लोराइड. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दातांवर डाग पडतात, आणखी वाढलं की हाडंही धरतात. म्हणून रसायनशास्त्र सोडू नका. कोकणात तीन मीटर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर. जांभा आणि उतार मिळून पाणी समुद्राला लावून देतात. तिथे विहिरीपेक्षा झऱ्यांचा अभ्यास जास्त कामाचा.

नोकरी. पालक मघापासून घड्याळाकडे बघतायत, म्हणजे इथेच यायला हवं होतं. केंद्रीय भूजल मंडळातल्या शास्त्रज्ञांच्या जागा यूपीएससीच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भरतात, आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, १९७२ च्या दुष्काळातली. तिच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी तुमच्या अभ्यासाला सोनं आहेत. बाकी खाणींचा पाणीउपसा, बोगदे, शहरातल्या इमारतींची तळघरं, उद्योगांना भूजल परवान्यासाठी लागणारे अहवाल, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था. नुसत्या बीएस्सीवर यांतल्या बऱ्याच ठिकाणी मदतनीस म्हणूनच घेतील, हे स्पष्ट सांगतो. एमएस्सीसाठी आयआयटीच्या जॅम परीक्षेत भूशास्त्राचा पेपर असतो. तिसऱ्या वर्षी नव्हे, दुसऱ्यापासून तयारी करा.

आणि मुलींच्या आईवडिलांसाठी: फील्डवर्क असतं, उन्हातान्हाचं असतं, मुली उत्तम करतात. गावातल्या बायका पाण्याचं खरं वेळापत्रक पुरुष सर्वेक्षकाला सांगत नाहीत, मुलींना सांगतात. हंडा कुठून भरतात, कोणता झरा कधी बंद होतो, ही माहिती कुठल्याच नकाशावर नसते.

प्रवेश घेताना कॉलेजची इमारत बघू नका. दोन गोष्टी विचारा: तीन वर्षांत क्षेत्रभेटी किती होतात, आणि पंपिंग टेस्ट मुलं स्वतः करतात की सर करतात आणि मुलं सावलीत बसतात? दुसरं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले ते निळा शर्टवाले केव्हाचे हात वर करून बसलेत.