फाटलेला आवाज

(दृश्य: काळोख. खटका पडल्याचा आवाज. काचेच्या नळीत हळूहळू तांबूस उजेड येतो.)

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको. खटका दाबला की लगेच काही ऐकू यायचं नाही. रेडिओ आधी तापायचा, मग बोलायचा. पुढे तो माळ्यावर गेला आणि माळ्यावरून भंगारात. ट्रान्झिस्टर आला, मग चिप आली. रॉक गिटार वाजवणाऱ्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही. ते त्याला ट्यूब म्हणतात, एवढाच काय तो फरक.

(दृश्य: शेजारी शेजारी, गिटारचा आवाज मोठा करणारे दोन अ‍ॅम्प.)

डावीकडचा मार्शल कंपनीचा, 100 वॉटचा, सत्तरच्या दशकातला. पुढच्या पट्टीवर फक्त सहा नॉब. उजवीकडचा पीव्ही कंपनीचा 5150, म्हणजे 1992 साली बाजारात आलेलं मॉडेल. त्याची पट्टी नॉबांनी भरलेली. मागची जाळी काढली की दोन्हींत चार-चार मोठ्या ट्यूब दिसतात. छोट्या ट्यूब मोजा. डावीकडे तीन, उजवीकडे पाच. या दोन जास्तीच्या ट्यूबमध्ये रॉकच्या आवाजाची पंचवीस-तीस वर्षं बसली आहेत.

आधी एका शब्दाबद्दल. गणपतीच्या मांडवात कर्णा फुल केला की कोणीतरी ओरडतंच, "अरे, आवाज फाटतोय, कमी कर!" आपल्याकडे आवाज फाटणं हा दोष. अ‍ॅम्प बनवणाऱ्यांच्या लेखीही तो दोषच होता. पन्नासच्या दशकातले अभियंते आवाज फाटू नये म्हणूनच रात्री जागवत होते. मग गिटारवाल्या पोरांनी नॉब शेवटापर्यंत फिरवला आणि त्यांना तो दोष आवडला.

(दृश्य: ट्यूब अगदी जवळून. बोटाएवढी काच, आत राखाडी पत्रा.)

तो फाटतो कसा, ते इथे दिसतं. मधोमध तापलेला कॅथोड, बाहेरच्या बाजूला प्लेट, दोघांमध्ये बारीक तारेची जाळी. कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात. गिटारकडून आलेला नाजूक सिग्नल त्या जाळीवर बसतो आणि नळाच्या तोटीसारखा हा प्रवाह कमीजास्त करतो. तोटी एकदा पूर्ण उघडली की आणखी पिळून पाणी वाढत नाही. तसंच इथे होतं. लाटेचा माथा वर जाऊ पाहतो, पण जागा संपलेली असते, म्हणून तो चेपला जातो. चेपलेल्या लाटेत मूळ स्वराच्या पटीतले नवे स्वर उमटतात. कान त्याला खरखरीत म्हणतो, जाड म्हणतो, कधी गोड म्हणतो.

हा चेपण्याचा प्रकार दोन्ही अ‍ॅम्पमध्ये घडतो. तो घडतो कुठे, हे मात्र वेगळं आहे.

(दृश्य: पश्चिम लंडन, हॅनवेल. अक्सब्रिज रोडवरची दुकानं.)

जिम मार्शल मूळचे ड्रमवाले. ड्रम शिकवायचे. 1960 साली त्यांनी हॅनवेलमध्ये वाद्यांचं दुकान काढलं. ड्रम घ्यायला येणारी पोरं आपल्या बॅंडच्या गिटारवाल्यांनाही घेऊन यायची. त्यात पुढे द हू बॅंडमुळे गाजलेला पीट टाउनशेंड होता, डीप पर्पलवाला रिची ब्लॅकमोर होता. त्यांना हवा तसा अ‍ॅम्प इंग्लंडमध्ये मिळत नव्हता आणि अमेरिकेहून येणारा फेंडर परवडत नव्हता. दुकानात दुरुस्तीचं काम केन ब्रॅन बघायचे. त्यांनी डडली क्रेव्हन नावाच्या तरुण इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला हाताशी धरलं आणि फेंडरच्याच बॅसमन या मॉडेलचं सर्किट समोर ठेवून अ‍ॅम्प बांधायला घेतला. 1962 साली जेटीएम 45 तयार झाला. जेटीएम म्हणजे जिम आणि टेरी मार्शल, बाप आणि मुलगा.

सरळ सांगायचं तर ती नक्कलच होती. पण नक्कल करताना जे हाताला लागलं ते लावलं, आणि तिथेच गंमत झाली. बॅसमनच्या पहिल्या टप्प्यात कमी ताकदीची ट्यूब होती. इथे ईसीसी 83 बसली, ती सिग्नल जास्त फुगवते. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळणारे. थोड्याच काळात शेवटच्या टप्प्यातही इंग्लिश केटी 66 ट्यूब आल्या. बॅसमनचे दहा इंची चार स्पीकर मागून उघड्या पेटीत बसलेले, तर मार्शलने बारा इंची चार सेलेशन स्पीकर मागून बंद पेटीत ठोकले. कागदावर सर्किट तेच, पण छातीवर आदळणारा आवाज वेगळा.

पुढची मागणी एकच होती: अजून मोठा. टाउनशेंडच्या आग्रहातून 1965 च्या सुमारास 100 वॉटचा अ‍ॅम्प आला. टाउनशेंडला एकाच पेटीत आठ स्पीकर हवे होते. तीही बनली. पण ती पेटी उचलून उचलून सामान वाहणाऱ्यांची कंबर मोडली, तेव्हा तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले. रॉकच्या स्टेजवर मागे जी काळी भिंत दिसते, ती या हमालीच्या तक्रारीतून आलेली आहे.

आणि एक घोळ आत्ताच मिटवू. या 100 वॉटच्या मॉडेलचा क्रमांक 1959. तो सन नव्हे. 1959 साली मार्शलचं दुकानसुद्धा नव्हतं.

(दृश्य: डावा अ‍ॅम्प. हात नॉबकडे जातो.)

आता हा वाजवू. नॉब 3 वर.

(गिटार: एकच कॉर्ड. स्वच्छ, कडक.)

आवाज फाटत नाही. खोली मात्र आत्ताच भरली आहे. आता 7.

(गिटार: तीच कॉर्ड.)

माझा शर्ट हलला, ही अतिशयोक्ती नाही. आता छोट्या ट्यूब चेपल्या जात आहेतच, शिवाय शेवटच्या चार मोठ्या ईएल 34 ट्यूबही मर्यादेला टेकल्या आहेत. ट्रान्सफॉर्मरवर ताण आहे, स्पीकरचा कागद ताणला गेलाय, आणि सगळी यंत्रणा एकमेकांवर रेलून वाजते आहे. कॉर्ड जोरात मारली की आतलं व्होल्टेज किंचित बसतं आणि पुन्हा सावरतं. बोटांना ते कळतं. जुन्या अ‍ॅम्पच्या प्रेमात पडणारे बहुतेक याच क्षणी पडतात.

आता गिटारवरचा व्हॉल्यूम फक्त कमी करतो. अ‍ॅम्पला हात लावत नाही.

(गिटार: आवाज हळूहळू स्वच्छ होत जातो.)

करंगळीने नॉब वळवला आणि फाटलेला आवाज शिवला गेला. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स हेच करायचा. त्याचं पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स, आणि 1966 साली तो जिम मार्शलकडून अ‍ॅम्प घ्यायला गेला, हा योगायोग मार्शलवाले अजून मिरवतात.

अडचण उघड आहे. हा आवाज मिळवायला शेजाऱ्यांशी वैर घ्यावं लागतं. कोणी म्हणेल, मग 50 वॉटचा घ्या. घ्या, पण अर्ध्या वॉटेजने आवाज अर्धा होत नाही. फरक पडतो फक्त 3 डेसिबलचा. कानाला निम्मा वाटायला वॉट साधारण दहापट खाली यावे लागतात.

(दृश्य: कॅलिफोर्निया. उंच झाडं, वळणाचा रस्ता.)

या अडचणीवरचं उत्तर दोन ठिकाणी सापडलं. कॅलिफोर्नियात रॅन्डल स्मिथ नावाचा माणूस, साठचं दशक संपता संपता, फेंडरच्या चिमुकल्या प्रिन्स्टन अ‍ॅम्पमध्ये मोठ्या अ‍ॅम्पचं काळीज बसवत होता. त्यातूनच मेसा बूगी ही कंपनी निघाली. एका ट्यूबने फुगवलेला सिग्नल दुसरीत ओतायचा, तिथून पुढच्या ट्यूबमध्ये. आवाज सुरुवातीलाच फाटतो आणि शेवटच्या नॉबने किती मोठा ऐकायचा ते ठरवता येतं. त्याची कार्यशाळा पूर्वी कुत्र्यांचं घर होती. हा तपशील मला फार आवडतो.

मार्शलने 1975 साली 2203 मॉडेलमध्ये स्वतःचा मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे असाच शेवटचा नॉब, आणला. जुन्या अ‍ॅम्पमधल्या दोन वेगळ्या वाटांचे पहिले टप्पे त्यांनी एकामागे एक जोडले. दुसऱ्या टप्प्याची ट्यूब मुद्दाम अशी बांधली की लाटेची एक बाजू लवकर कापली जावी. 1981 मध्ये याच सर्किटला नवा पोशाख चढला आणि नाव पडलं जेसीएम 800. जेसीएम ही जिमची आद्याक्षरं, 800 त्यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवरून. माझ्या मते जुन्या-नव्याची सीमारेषा इथेच आहे. ऐंशीच्या दशकातलं हार्ड रॉक आणि मेटल या पेटीतून किती निघालं, त्याची मोजदाद होणार नाही.

(दृश्य: उजवा अ‍ॅम्प. नॉब 2 वर.)

आणि मग हा. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने सत्तरच्या दशकाच्या शेवटी जो आवाज काढून जगाला वेड लावलं, तो जुन्या 100 वॉटच्या मार्शलचा होता. अ‍ॅम्पला मिळणारं व्होल्टेज तो एका खास ट्रान्सफॉर्मरने, म्हणजे व्हेरिअ‍ॅकने बदलायचा. तो ते वाढवतो असा लोकांचा बरीच वर्षं समज होता. प्रत्यक्षात कमी करायचा, म्हणजे ट्यूब लवकर दमतील आणि त्यांचा जीवही वाचेल. त्याच माणसाने 1992 साली पीव्हीच्या या नव्या अ‍ॅम्पला आपलं नाव दिलं. जुन्या आवाजाचा राजा नव्या आवाजाचा दारवान झाला. पुढे हा अ‍ॅम्प त्याच्यापेक्षाही मेटलवाल्यांनी उचलला.

(गिटार: तळहात तारांवर टेकवून, दाबलेले वेगवान ठोके.)

ऐका. प्रत्येक ठोका सुपारी फोडल्यासारखा सुटा. मधली शांतता कोरी. गप्पा मारता येतील एवढ्याच मोठ्या आवाजात हे चाललंय. हेच ठोके मघाच्या मार्शलवर वाजवले तर खालचे स्वर एकमेकांत मिसळून लगदा होतो. नव्या अ‍ॅम्पमध्ये टप्प्याटप्प्याला खालचे स्वर आधी छाटतात, मग फाडतात. हे काम जुन्याला जमत नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. उलट, इथे गिटारचा व्हॉल्यूम कमी करून बघा.

(गिटार: आवाज लहान होतो, पण फाटलेलाच राहतो. मागे फुसफुस.)

शिवला जात नाही.

जुन्याच्या भक्तांकडून एक वाक्य हमखास येतं: ट्यूब सम पटीतले स्वर देते, म्हणून गोड लागते. अर्धवट खरं आहे. मोठ्या ट्यूब या अ‍ॅम्पमध्ये जोडीने काम करतात, एक ढकलते तर दुसरी ओढते. या रचनेत त्या टप्प्यात तयार झालेले सम पटीतले स्वर बव्हंशी एकमेकांना खोडून टाकतात. म्हणजे ज्या टप्प्याच्या गोडव्याचे गोडवे गायचे, तिथे विषम पटींचंच राज्य असतं. हाताने जोडलेल्या तारांचा अ‍ॅम्प जास्त चांगला वाजतो, या समजाचंही तसंच. छापील बोर्डावरून जाताना स्वराला कमीपणा येत नाही. हातकामाचा खरा फायदा दुरुस्तीवाल्याला, कारण प्रत्येक भाग सुटा काढता येतो.

त्याच दुरुस्तीवाल्याकडे आता जाऊ, कारण डाव्या अ‍ॅम्पमधून गुणगुण वाढली आहे.

(दृश्य: उलटा ठेवलेला सांगाडा. पिवळट तारा, जाड कपॅसिटर.)

वीज गाळणारे हे कपॅसिटर चाळीस-पन्नास वर्षांत आतून सुकतात. एकाच्या बुडाशी फुगवटा आलाय. पलीकडे कोणीतरी कधीतरी दिलेला सोल्डरचा जाड डाग दिसतो. अशा डागांमुळे आणि मूळ भागांच्या 10 टक्के कमीजास्तपणामुळे एकाच वर्षीचे दोन मार्शल सारखे वाजत नाहीत. "जुना मार्शल असा वाजतो" म्हणणाऱ्याला विचारा, कुठला?

प्लग काढलेला आहे. तरीही कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या वर साठा असू शकतो. म्हणून कारागीर एक हात खिशात घालतो, म्हणजे चुकून धक्का बसलाच तर वीज एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीतून जात नाही. दुसऱ्या हाताने तो रेझिस्टरची तार टेकवतो आणि मीटरकडे बघत राहतो.

(दृश्य: मीटरचा आकडा. 380. 210. 90. 30.)

आकडा पुरता खाली आल्यावरच खिशातला हात बाहेर येतो.