‘स्टोरेज फुल’ म्हणणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

श्रोतेहो, नमस्कार.

आजचं बोलणं आहे तंत्रज्ञानावर मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. पुरवणीत लिहिणारे, मोबाइलचे व्हिडिओ करणारे, पालकांसाठी सूचनापत्रक काढणारे शिक्षक आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘हे असं करा’ म्हणून चार ओळी टाकणारे, सगळेच त्यात आले. बाकीच्यांनी रेडिओ बंद करू नका. उदाहरणाला घेतलेला प्रश्न तुमच्याही खिशात आहे. प्रश्न असा: ‘फोन भरला म्हणतोय, आता काय करू?’

यावर मराठीत जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं ‘आजच्या डिजिटल युगात स्मार्टफोन हा जीवनाचा अविभाज्य घटक बनला आहे’ इथून सुरू होतं. अहो, अविभाज्य आहे म्हणूनच तर तो बिचारा विचारतोय! मग फोनचा इतिहास येतो, मेमरीचे प्रकार येतात आणि सातव्या परिच्छेदात कुठेतरी ‘अनावश्यक फाइल्स काढून टाका’. अनावश्यक कोणत्या, हे ज्याला कळत होतं तो विचारायला आलाच नसता.

यावर एक किस्सा आहे. तो ऐकवतो, मग पुढचं बोलू.

काही वर्षांपूर्वी गूगलच्या अमेरिकेतल्या संशोधकांना एक कोडं पडलं होतं. भारतातले इतके फोन सारखे अडकतात का? तुम्हाआम्हाला विचारलं असतं तर आपण म्हटलं असतं, फोन स्वस्तातले असतील, पोरं गेम खेळत असतील, नाहीतर व्हायरस असेल. आपल्याकडे कारण कळलं नाही की व्हायरस असतोच. त्यांनी शोध घेतला आणि गुन्हेगार निघाला कोण? ‘गुड मॉर्निंग’!

हो, तेच. उगवता सूर्य, वाफाळता चहाचा कप, पाकळीवर दव साठलेलं गुलाबाचं फूल आणि खाली सुविचार. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही बातमी छापली. वेस्टर्न डिजिटल या साठवणुकीची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचा आकडा त्यात होता. भारतात दर तिघांपैकी एकाच्या फोनमधली जागा रोजच्या रोज संपते आणि अमेरिकेत दहापैकी एकाची. तिघांपैकी एक आणि दहापैकी एक, फरक लक्षात घ्या.

हिशेब करून पाहा. समजा, असं एक चित्र दीडशे केबीचं आहे. नातेवाईक, शाळासोबती, भजनी मंडळ, सोसायटी आणि ऑफिस असे सगळे ग्रुप मिळून दिवसाला चाळीस चित्रं येतात. झाले सहा एमबी. वर्षाचे साधारण सव्वादोन जीबी. त्या काळी १६ जीबीचे फोन घरोघरी होते आणि त्यातली बरीच जागा फोनची स्वतःची यंत्रणाच अडवून बसायची. त्यात कुणी पंधरा एमबीचा व्हिडिओ पाठवला तर एका फटक्यात असे शंभर सूर्योदय.

जाता जाता सांगतो, मी गुड मॉर्निंगच्या बाजूचा माणूस आहे. पुण्यात एकट्या राहणाऱ्या आजोबांचं सकाळचं फूल ही हजेरी असते. मी उठलोय, बरा आहे, चहा झालाय. ते फूल दहा वाजेपर्यंत आलं नाही तर चेष्टा बाजूला ठेवून फोन करावा. लोक हसतात, पण त्या फुलाने जेवढी विचारपूस होते, तेवढी भल्याभल्या अ‍ॅपने होत नाही. असो.

तर गूगलने काय केलं? डिसेंबर २०१७ मध्ये ‘फाइल्स गो’ नावाचं अ‍ॅप काढलं. आज तेच ‘फाइल्स बाय गूगल’ म्हणून मिळतं. भरलेल्या फोनवरही बसावं म्हणून ते सहा एमबीपेक्षा लहान ठेवलेलं. त्याचं एक काम असं की शुभेच्छांची चित्रं ओळखायची, एकत्र दाखवायची आणि एका फटक्यात पुसायची सोय द्यायची. चित्रं ओळखायला यंत्राला शिकवलं. चित्र आहे, त्यावर अक्षरं आहेत, आकार अमुक आहे, म्हणजे गुड मॉर्निंग. सोपं वाटतं ना?

इथेच गंमत झाली. सुरुवातीच्या आवृत्त्या भलतेच फोटो त्या ढिगात टाकायला लागल्या. टी-शर्ट घातलेल्या लहान मुलांचे फोटो! टी-शर्टवर काहीतरी लिहिलेलं असायचं. यंत्राच्या लेखी चित्र आलं, अक्षरं आली, झालं गुड मॉर्निंग.

आता त्या फोनच्या मालकाच्या जागी बसा. यादी आली, ‘हे सगळं पुसू का?’ असा प्रश्न आला. यादीत सत्तर सूर्योदय आणि मधेच नातू, छातीवर चार अक्षरं मिरवणारा. एक बोट दाबलं की सूर्योदय गेले, नातूही गेला.

श्रोतेहो, सगळी मेख या टी-शर्टात आहे. ‘फोन भरला, काय करू’ असं विचारणाऱ्याला पुसायचं बटण कुठे आहे हे बहुधा माहीत असतं. त्याचं बोट भीतीने अडलेलं असतं. त्याचा खरा प्रश्न आहे, ‘काय पुसलं तर माझं काही जाणार नाही?’ पुन्हा सांगतो. विचारलेला प्रश्न: जागा कशी करू? मनातला प्रश्न: काय पुसलं तर माझं काही जाणार नाही? तुमचा लेख दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देत नसेल, तर पहिल्याचं उत्तर कितीही अचूक असो, वाचणारा फोन तसाच भरलेला ठेवून झोपतो.

मग हाच लेख लिहायचा कसा?

आधी एक गाठ सोडवा. ‘स्टोरेज फुल’ ही तक्रार दोन वेगळ्या ठिकाणची असते. एक फोनमधली जागा, ६४ किंवा १२८ जीबी, जी काय असेल ती. दुसरी गूगल खात्याची जागा, म्हणजे फुकट मिळणारे १५ जीबी. ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत वाटून असतात. जून २०२१ पासून फोटोजमध्ये चढणारा नवा फोटो त्यातच मोजला जातो आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच धरतात. ‘मेल येत नाहीत’ म्हणणाऱ्याचं खातं भरलंय. ‘कॅमेरा फोटो काढत नाही’ म्हणणाऱ्याचा फोन भरलाय. खातं भरलेल्या माणसाने फोनमधली अ‍ॅप कितीही काढली तरी मेल येणार नाहीत. म्हणून लेखाची पहिली दोन वाक्यं हीच निवड करणारी हवीत: मेल अडलेत तर हे वाचा, कॅमेरा अडलाय तर ते वाचा. फोन की खातं, हे आधी.

फोनच भरला असेल तर पहिली पायरी सगळ्यात निर्धोक जागेची द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. २०२० च्या अखेरीपासून तिथे दोन गठ्ठे वेगळे काढून दिलेले असतात. एक पाच एमबीहून मोठ्या फाइल्सचा, दुसरा अनेकदा फॉरवर्ड होऊन आलेल्या गोष्टींचा. या दुसऱ्या गठ्ठ्यापासून सुरुवात करायला सांगा आणि का, तेही सांगा. मुलाने स्वतः काढून थेट पाठवलेला नातवाचा फोटो त्यात येत नाही. त्यात येतं ते हातोहात फिरलेलं. हे ‘का’चं वाक्य लेखात नसेल तर बोट पुन्हा अडणार.

आता या लेखात लिहिणारे कुठे घसरतात ते बघा.

‘कॅशे क्लिअर करा’ असं सर्रास लिहितात. कॅशे म्हणजे अ‍ॅपने कामापुरत्या साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स. त्या पुसणं निर्धोक आहे, पण पडद्यावर ते बटण एकटं नसतं. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅपच्या स्टोरेजच्या पानावर शेजारी शेजारी दोन बटणं असतात, ‘क्लिअर स्टोरेज’ आणि ‘क्लिअर कॅशे’. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये खाली एकच ‘क्लिअर डेटा’ दिसतं आणि ते दाबल्यावर दोन पर्याय उघडतात. व्हॉट्सअ‍ॅपचं चुकीचं बटण, म्हणजे ‘क्लिअर स्टोरेज’, दाबलं गेलं तर नंबर टाकून पुन्हा सुरुवात करावी लागते आणि शेवटच्या बॅकअपनंतरचे मेसेज जातात. बॅकअपच नसेल तर सगळेच जातात. तेव्हा धोक्याचं वाक्य पायरीच्या आधी लिहा. ‘टीप: वरील कृतीने डेटा जाऊ शकतो’ असं लेखाच्या तळाशी लिहिणाऱ्याला काय म्हणावं? तोवर वाचणाऱ्याने दाबलेलं असतं. धोका पायरीच्या आधी, नंतर कधीच नाही.

दुसरी घसरगुंडी, व्हॉट्सअ‍ॅपमधलीच, ‘मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, जागा वाचेल’ ही. मुळीच वाचत नाही. त्याने यापुढे येणारे फोटो गॅलरीत दिसत नाहीत एवढंच. फोटो फोनमध्ये उतरतो तो उतरतोच आणि आधीचेही जिथल्या तिथे राहतात. येणारा ओघ थांबवायचा असेल तर ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’मध्ये जाऊन मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्हीत फोटो आणि व्हिडिओवरची खूण काढावी लागते. वायफायची राहून गेली तर घरी पाऊल टाकताच धबधबा सुरू.

तिसरी तक्रार वाचक हमखास घेऊन येतो: ‘दोनशे फोटो पुसले, जागा तेवढीच!’ फोटो कचरापेटीत पडून आहेत. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पेटीत ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. पेटी रिकामी करा असं सांगा, पण आधी एकदा पेटी उघडून पाहायला सांगा, टी-शर्टवाला कुणी आत नाही ना. शिवाय फोटोज अ‍ॅपमध्ये बॅकअप झालेला फोटो नेहमीसारखा पुसला तर तो खात्यातूनही जातो. खात्यात ठेवून फक्त फोनमधून काढायचा तर ‘फ्री अप स्पेस’ वापरायचं असतं. हे दोन रस्ते लेखात वेगळे दाखवा, एका परिच्छेदात कोंबू नका.

प्रश्न आणायचे कुठून? मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तासभर उभं राहा. आपले सरकार सेवा केंद्राच्या रांगेत कान द्या. जे ऐकाल ते जसंच्या तसं उतरवा, ‘मोबाइल गरम होतो नि लई हळू चालतो’ असं असेल तर तसंच. शुद्ध करून लिहिलंत की अर्धी माहिती गेली, कारण ‘गरम होतो’ हे लक्षण आहे. सर्चच्या चौकटीत ‘फोन भरला’ इतकंच टाइप करून थांबलात तर खाली लोकांचे प्रश्न दिसतात. ब्राउझरच्या खाजगी (इनकॉग्निटो) खिडकीत करा, म्हणजे तुमचा स्वतःचा इतिहास मधे येणार नाही. देवनागरीत करा, मग तेच रोमन अक्षरांत करा. आपली माणसं मराठी बोलतात आणि टाइप मात्र दोन्ही तऱ्हांनी करतात. स्वतःची साइट असेल तर गूगलचं ‘सर्च कन्सोल’ फुकट आहे. कोणत्या शब्दांवर तुमचं पान लोकांसमोर आलं, हे त्यात मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं. पान पुष्कळदा दिसलंय आणि दाबलं कुणी नाही, अशा ओळी काढा. प्रश्न तिथे आहे, उत्तर तिथे नाही असं लोकांना वाटलंय.

बाकी लिहिण्याचं थोडक्यात. एका पायरीत एकदाच बोट लावायला सांगा आणि पुढे काय दिसलं पाहिजे ते लिहा. म्हणजे नाही दिसलं तर माणूस तिथेच थांबेल. कोणत्या फोनवर, अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीवर आणि कोणत्या तारखेला करून पाहिलं, हे वरच लिहा. मेनूतली नावं अपडेटबरोबर बदलतात आणि तारीख नसलेला लेख जुना झाला हे कुणाला कळत नाही. तुमच्या नव्याकोऱ्या २५६ जीबीच्या फोनवर या लेखाची चाचणी घेऊ नका. त्यावर ‘जागा संपली’ची सूचनाच येणार नाही. घरातला चार वर्षं जुना, खरोखर भरलेला फोन घ्या. (आपल्याकडे परीक्षण करणाऱ्यांना कंपन्या सगळ्यात महागडा फोन पाठवतात आणि गिऱ्हाईक घेतं बारा हजारांचा, हे एकदा कुणीतरी बदलायला हवं.)

छापण्याआधी लेख अशा कुणाच्या तरी हातात द्या ज्याचा फोन भरलाय आणि शेजारी गप्प बसा. गप्प, हे कठीण जातं. बोट जिथे थबकेल, तिथे तुमचं वाक्य कमी पडलंय. ‘अहो, तिथे नाही, वर बघा’ असं तोंडून निघणार असेल, तर ‘वर’ हा शब्द लेखात हवा होता.

आणि सगळं करूनही जागा झालीच नाही तर? तेही लिहा. ३२ जीबीचा जुना फोन असेल तर काही दिवसांनी पुन्हा भरणारच. मेमरी कार्डावर फोटो-व्हिडिओ हलवता येतात, व्हॉट्सअ‍ॅप मात्र फोनमध्येच राहतं. कार्डाची खाचच नसेल तर फोटो संगणकावर उतरवून घ्यायचे, उतरवलेले उघडतात का ते तपासायचं आणि मगच फोनमधून काढायचे. याच क्रमाने.

नमस्कार.