उंची नको, पोहोच सांगा

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत निवृत्त प्रसारण-अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय बराच भारदस्त छापलाय. रेडिओ-टीव्ही-मोबाईलचे टॉवर उभारणारे आणि जुन्या वास्तू जपणारे, यांचा हा वाद. मी घरी त्याला 'टॉवर-देवळाचं भांडण' म्हणतो. या भांडणात माझी नोकरीची सगळी वर्षं टॉवरच्या बाजूनं गेली. निवृत्त झालो आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळींच्या बैठकांना जाऊन बसू लागलो, तेव्हा ते माझ्याकडे फितुराकडे बघावं तसं बघायचे. आता माझे जुने सहकारीही तसंच बघतात. त्यामुळे आज मी दोघांनाही बोलायला मोकळा आहे.

सुरुवात हिंगणघाटापासून करतो. तिथं विल्यम लॅम्ब्टन या इंग्रजाची कबर आहे. हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा हाच माणूस. हैदराबादहून नागपूरकडे येताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. मोजणीसाठी त्याला उंच जागा लागायची, कारण एका टोकावरून दुसरं टोक दुर्बिणीत दिसलं पाहिजे. १८०८ मध्ये तो कावेरीच्या सपाट मुलखात पोहोचला. तिथं टेकडी कुठली? मग साहेबानं तंजावरचं बृहदीश्वराचं मंदिर धरलं. अर्धा टन वजनाचं ते मोजणीयंत्र दोरांनी वर चढवताना दोर तुटला आणि यंत्र मंदिरावर आपटलं. नंतर कित्येक आठवडे लॅम्ब्टन स्वतः ते वाकलेलं यंत्र ठोकून सरळ करत बसला होता.

लॅम्ब्टनचं देवळाशी वैर नव्हतं. त्याला उंची हवी होती आणि चोळांनी ती आठशे वर्षं आधी बांधून ठेवली होती. आपल्या सीताबर्डीचंही तेच. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची लढाई दोन टेकड्यांसाठी झाली. आप्पासाहेब भोसल्यांच्या अरब सैनिकांनी छोटी टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. तोफेला जे लागतं तेच आमच्या ॲन्टेनाला लागतं: मधे काही आडवं न येता लांबवरचं दिसलं पाहिजे. आणि गड किंवा देऊळ बांधणाऱ्यालाही तेच हवं होतं, फक्त उलट बाजूनं. त्याला वाटायचं, लांबून आपण दिसलो पाहिजे. एकाच टेकडीवर दोघांचा डोळा, म्हणून हे भांडण.

आता आमच्या लोकांची खोड सांगतो. टॉवरची फाइल येते तेव्हा तिच्यात काय असतं? 'साठ मीटर उंच मनोरा, अमुक सर्व्हे नंबर.' समोरचे लोक म्हणतात, नको. आम्ही म्हणतो, हवा. झाली तारीख पे तारीख. साठ मीटर कशासाठी हे कोणी विचारतच नाही. कुठल्या गावापर्यंत आवाज गेला पाहिजे ते सांगा ना!

थोडं गणित करतो, घाबरू नका. एफएम आणि टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ जातात. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ नं गुणा. सपाट मैदानात साधारण तेवढ्या किलोमीटरवर त्या लहरींचं क्षितिज येतं. १०० मीटरच्या मनोऱ्याला ४१ किलोमीटर. आता उंची निम्मी करा, ५० मीटर. तुम्हाला वाटेल पोहोचही निम्मी होईल. ती २९ किलोमीटर येते. म्हणजे निम्मी उंची सोडली तर पोहोच तीस टक्क्यांच्या आसपासच कमी होते, आणि सुटलेल्या गावांसाठी दुसरीकडे छोटा मनोरा उभा करता येतो. खर्च वाढतो, मान्य. पण 'शक्यच नाही' असं जे आम्ही बैठकीत ठोकून सांगतो, ते बहुतेक वेळा 'महाग पडेल' इतकंच असतं. मी स्वतः तसं सांगितलेलं आहे.

मोबाईलचं तर शहरात आणखी वेगळं. तिथं फार उंच ॲन्टेना शेजारच्या टॉवरच्या हद्दीत घुसून उलट घोळ घालतो. दाट वस्तीत विजेच्या खांबाएवढी उंची बऱ्याचदा पुरते. आणि रेडिओच्या मध्यम लहरींना, म्हणजे मीडियम वेव्हला, टेकडीची गरजच नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. ५८५ किलोहर्ट्झ हा त्याचा आकडा तुमच्यातल्या जुन्या श्रोत्यांना पाठ असेल. त्या लहरीची लांबी भरते ५१३ मीटर. तिच्या चौथाईएवढा, म्हणजे सव्वाशे मीटरच्या वर खांब केला की तो खांबच ॲन्टेना होतो. त्याला ओल धरणारी मोकळी जमीन लागते आणि तिच्यात गाडलेल्या तांब्याच्या तारांचं जाळं. हे काम आपल्या काळ्या मातीत झकास होतं. तेव्हा टेकडी मागणाऱ्याला आधी विचारा, तुमची लहर कोणती?

आता कायद्याकडे येतो. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांचा कायदा १९५८ चा. २०१० च्या दुरुस्तीनं हद्दी ठरल्या: स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढचे २०० मीटर परवानगीनं. चांगला कायदा आहे. पण हे वर्तुळ सगळ्यांना सारखंच. पंधरा मीटरचा खांब असो की दीडशे मीटरचा मनोरा, माप तेच. ३०५ मीटरवर दीडशे मीटरचा मनोरा उभा राहिला तर वर्तुळाला तो दिसत नाही, तुमच्या-माझ्या डोळ्याला दिसतो. प्रत्येक स्मारकासाठी वेगळे उपनियम करावेत अशी तरतूद त्याच दुरुस्तीत आहे. खरं काम तिथंच आहे, आणि ते कंटाळवाणं असल्यामुळे त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

अमेरिकेनं याच गाठीवर वेगळं डोकं चालवलं. तिथं १९६६ चा ऐतिहासिक वारशाचा राष्ट्रीय कायदा आहे. त्याच्या १०६ व्या कलमानुसार, केंद्रीय परवान्यावर होणाऱ्या कामाचा जुन्या वास्तूंवर काय परिणाम होईल ते आधी तपासावं लागतं. मनोऱ्यांसाठी २००४ मध्ये देशभराचा एक करार झाला. त्यात तपासणीचं वर्तुळ मनोऱ्याच्या उंचीनुसार बदलतं. २०० फुटांपर्यंत अर्धा मैल, ४०० फुटांपर्यंत पाऊण मैल, त्याच्या वर दीड मैल. आणि राज्याच्या वारसा अधिकाऱ्याला उत्तर द्यायला तीस दिवस. मला यातलं सगळंच आवडतं असं नाही, कागद फार होतात. पण मनोरा वाढला की जबाबदारीचं वर्तुळही वाढलं पाहिजे, ही गोष्ट आपल्या गावच्या तलाठ्यालाही पटेल. तिकडे आणखी एक गंमत आहे. २०० फुटांच्या वर गेलं की विमानांसाठी रंग आणि दिवे लागतात, म्हणून बरेच मनोरे मुद्दाम १९९ फुटांवर थांबतात. जुन्या वास्तूवाले म्हणतात आभाळाच्या रंगाचा करा, विमानवाले म्हणतात नारिंगी-पांढरा करा. बिचारा मनोरा बुटका राहिला की दोघंही गप्प.

कायदा जिथं पोहोचत नाही तिथलं सांगतो. विदर्भातलं एक गाव. नाव सांगत नाही, दोन्हीकडची माणसं अजून तिथंच राहतात. जुनं दगडी देऊळ, कुठल्याच यादीत नाही. मागच्या आवारात मोबाईल कंपनीला ४५ मीटरचा टॉवर हवा होता. गावात दोन तट पडलेले. एक गट सारखा किरणांची भीती घालत होता. मी त्यांना म्हटलं, किरणांचा मुद्दा बाजूला ठेवा. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशानं मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या एक दशांशावर आणलेली आहे, तिथं कंपनी मोजमाप दाखवून जिंकेल. तुमचं दुखणं देऊळ झाकोळण्याचं आहे, तर तेवढंच बोला.

मग आम्ही फुगा आणला. लग्नात सजावट करणाऱ्या पोराकडून गॅस भरून घेतला, चांगला टोपलीएवढा लाल फुगा. सुताच्या दोरीला दर पाच मीटरवर एकेक चिंधी बांधली. पहाटेच जायचं, कारण ऊन चढलं की वारा सुटतो, फुगा तिरपा होतो आणि उंची खोटी दिसते. टॉवरच्या जागेवर पोरानं दोरी सोडत नेली. मी, पुजारीबुवा आणि कंपनीचा तरणा इंजिनीअर महाद्वाराशी, पालखी टेकवतात त्या शिळेपाशी उभे. नऊ चिंध्या सुटल्या, ४५ मीटर. फुगा थेट कळसाच्या डोक्यावर. पुजारीबुवा म्हणाले, "हे तं कळसाले टिकली लावल्यासारखं दिसून रायलं जी." हसलो सगळे. इंजिनीअरही हसला, पण त्यानं फोटो काढला. दोरी ओढत आणली. ३० मीटरला अजून शेंडा डोकावत होता. २५ ला फुगा शिखरामागे गेला, दिसेना. आम्ही खूश. तेवढ्यात बुवा बारवेकडे दहा पावलं सरकले आणि ओरडले, "इथून दिसते!" खरंच दिसत होता, पिंपळाच्या फांदीतून, भोकरासारखा.

त्या दहा पावलांनी भांडण मिटवलं म्हणायचं. मागचं आवार कुठूनतरी दिसणारच, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. मी त्या इंजिनीअरला विचारलं, "तुला टॉवर हवा की या चार गल्ल्या आणि फाट्यापर्यंत रेंज हवी?" तो म्हणाला, "रेंज." समोर ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी उभी होती, वीसेक मीटर उंच, आधीच सगळ्या गावाच्या डोळ्यांत खुपणारी. शेवटी टाकीवर ॲन्टेना लागले. भाडं ग्रामपंचायतीला जातं. पुजारीबुवांच्या घरात मात्र अजून रेंज नाही. ते मला फोन करायला ओट्यावर येतात आणि रेंजचं खापर माझ्यावर फोडतात.

आता जुन्या वास्तूवाल्यांनाही दोन शब्द. नागपुरातल्या महाल वस्तीतला एक वाडा मला माहीत आहे. गच्चीवर टॉवर. चुन्यातल्या विटांच्या भिंतींवर लोखंडी चौकट, तिच्या बोल्टांपाशी पावसाळ्यात गळती. माणसं येतात, फोटो काढतात, हळहळतात. मी मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, टॉवरचं भाडं येते म्हणून कौलं बदलली. तुमची मंडळी नुसता चहा पिऊन जातात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शहराच्या यादीत वाडा टाकायचा, तो पाडायचा नाही म्हणायचं, आणि दुरुस्तीचा रुपया द्यायचा नाही, हे फार काळ चालणार नाही. भाडं बंद करा म्हणणाऱ्यानं आधी त्या कौलांचा हिशेब मांडावा. आणि कंपनीला गच्चीवर टॉवर ठेवायचाच असेल तर वजन जुन्या भिंतींवर टाकू नये. स्वतंत्र खांब जमिनीपर्यंत न्यावेत, गॅलरीतून केबल सोडू नये. वाडा पाहणाऱ्या साध्या गवंड्यालाही हे सुचतं.

एकाच टेकडीवर पाच जणांनी पाच मनोरे रोवायचे, ही सर्वांत मोठी हौस. बार्सिलोना शहराच्या पाठीशी कोलसेरोला नावाचे डोंगर आहेत. १९९२ च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथं वेगवेगळ्यांचे मनोरे उभे राहायची तयारी होती. शहरानं आग्रह धरला, एकच करा. नॉर्मन फॉस्टर या वास्तुविशारदानं २८८ मीटरचा मनोरा बांधला आणि सगळ्यांची बिऱ्हाडं त्यात बसवली. आपल्याकडेही खासगी एफएमच्या परवान्यांच्या दुसऱ्या फेरीत हे अक्कलहुशारीनं झालं. एका शहरातल्या वाहिन्यांनी एकाच मनोऱ्यावरून प्रक्षेपण करायचं, अशी अट घातली. त्यासाठी कम्बायनर नावाचा डबा लागतो. चार ट्रान्समीटरचं बळ त्यात शिरतं आणि एका ॲन्टेनातून बाहेर पडतं, एकमेकांत न मिसळता. घरात चार सुना आणि एकच चूल, असं मी तरुण इंजिनीअरना सांगायचो. हल्ली मुली वर्गात असतात, उदाहरण बदललंय.

शेवटचा भाग थोडा गमतीचा. मनोरेही म्हातारे होतात. स्वीडनमध्ये ग्रिमेटन गावी १९२४ चं बिनतारी तारायंत्राचं केंद्र आहे, १२७ मीटरचे सहा मनोरे. २००४ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा केलं. पॅरिसचा आयफेल मनोरा तर वीस वर्षांच्याच परवानगीचा होता. रेडिओच्या उपयोगानं तो १९०९ नंतर टिकला. म्हणजे ज्याला काल नाकं मुरडली, त्यालाच उद्या कठडा बांधून तिकीट लावतात.

आपल्याकडे सेमिनरी हिल्सवरचा टीव्ही टॉवर घ्या. तो वर गेला तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते आणि टेकडीवर सकाळी फिरायला जाणारे माझे काका महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. टेकडीची रेघ बिघडवली म्हणत. दूरदर्शनची जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं आता देशभर जवळपास बंद झाली आहेत. गेल्या वर्षी एका कॉलेजात मी हेच बोलत होतो. एका मुलानं विचारलं, टीव्ही ट्रान्समीटर मुका झाला तर टॉवर ठेवायचा की पाडायचा? मी जरा इंजिनिअरी उत्तर जुळवत होतो, गंज, पायाची तपासणी, एफएमचे ॲन्टेना वगैरे. तेवढ्यात मागच्या बाकावरून, चहा घेऊन आलेल्या मावशी बोलल्या, "काहून पाडता जी? आमच्या स्टॉपचं नावच टीव्ही टॉवर हाये. मंग आम्ही उतराचं कुठी?"