कोर्जेट छोटं असतानाच तोडा

नमस्कार मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. मला सांगितलंय की वीस मिनिटांत आवरा, कारण नंतर जेवण आहे आणि जेवणात पण कोर्जेटच, म्हणजे झुकिनीच आहे, माझीच कृपा, सॉरी.

इथे यूकेमध्ये आलो तेव्हा पहिली काही वर्षं मी या भाजीला हातच लावला नव्हता. सुपरमार्केटात हिरवीगार चकचकीत दिसायची, घरी आणून दोडक्यासारखी भाजी केली की नुसता लगदा. मग कौन्सिलचा अलॉटमेंट मिळाला, म्हणजे भाड्याने जमिनीचा तुकडा, अर्धा प्लॉट, साधारण १२५ स्क्वेअर मीटर, आणि मी हावरटासारखी कोर्जेटची ६ रोपं लावली. घरात माणसं तीन. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा बघून नुसते हसले, म्हणाले काही नाही. का हसले ते जुलैमध्ये कळलं. एक रोप भर सीझनमध्ये आठवड्याला ३-४ कोर्जेट सहज देतं, आता तुम्हीच हिशोब करा. आता मी दोनच लावतो, तीही पुरून उरतात.

बी एप्रिलच्या शेवटी घरात खिडकीशी लावायचं, थंडीची, फ्रॉस्टची भीती गेली की मेअखेर किंवा जूनमध्ये बाहेर, आणि दोन रोपांत चांगलं ९० सेंटीमीटर अंतर ठेवायचं, कारण पानं छत्रीएवढी होतात. त्या पानांना, देठांना बारीक काटेरी लव असते, हाफ शर्ट घालून तोडायला गेलात तर हातावर ओरखडे घेऊन घरी याल. ऑगस्टमध्ये पानांवर पांढरी भुरी धरते, तेव्हा बुंध्याशी पाणी घालत राहायचं, पानांवर नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या कडक थंडीत झाड एका रात्रीत काळं पडून बसतं. खेळ खलास.

सकाळी लवकर गेलं तर फुलं उघडलेली असतात, मोठी, पिवळीधमक, केशराकडे झुकणारी. नर फूल सरळ बारीक देठावर, मादी फुलाच्या मागे इवलंसं कोर्जेट आधीच तयार असतं, बोटाएवढं. मधमाशी आली नाही, गार पाऊस लागून राहिला, की ते बोट टोकाकडून पिवळं पडून सडतं, आणि आपण म्हणतो खत कमी पडलं. खत नाही हो, माशी कमी पडली. तेव्हा एक नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि परागाचा दांडा मादी फुलात फिरवायचा, झालं. उरलेल्या नर फुलांची भजी. रोममध्ये त्यात चीज आणि खारवलेला मासा भरून तळतात, आपल्याकडे लाल भोपळ्याच्या फुलांची बेसनात बुडवून करतात, मला विचाराल तर आपली जास्त कुरकुरीत होतात, पण हे इटालियन माणसासमोर बोलू नका.

इटालियन निघालेच आहेत तर, या भाजीचं आजोळ मेक्सिको. तिथल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत या जातीच्या भोपळ्याच्या साधारण १०,००० वर्षं जुन्या बिया सापडल्यात, म्हणजे मक्याच्याही आधीची शेती. तेव्हाचा गर कडूजहर, माणसं बहुतेक बियांसाठीच लावायची. कोलंबसानंतर हे भोपळे युरोपात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर इटलीत, मिलानच्या आसपास, कोवळं खायचं हे वाण तयार झालं. इटालियनमध्ये झुक्का म्हणजे भोपळा, झुक्किनी म्हणजे छोटे भोपळे. फ्रेंचमध्ये कूर्ज म्हणजे भोपळा, त्याचं कूर्जेट. आपण सोनुलं म्हणतो ना, तसं हे भोपळुलं. इटालियन लोकांबरोबर ते १९२० च्या दशकात अमेरिकेत गेलं म्हणून तिथे झुकिनी, पुण्यामुंबईच्या मॉलमध्येही तेच नाव, इंग्रजांनी फ्रेंच नाव उचललं म्हणून इथे कोर्जेट.

आणि नावातच सगळं आलं बघा, छोटं असतानाच तोडायचं. १०-१५ सेंटीमीटर, बास. आम्ही एकदा लाँग वीकेंडला वेल्सला गेलो, परत येऊन पान उचललं तर खाली तान्ह्या बाळाएवढा भोपळा झोपलेला. त्याला इथे मॅरो म्हणतात, साल जाड, आत कापूस, चव म्हणाल तर पाणी. इथल्या भाज्यांच्या प्रदर्शनांत लोक अवाढव्य मॅरो ट्रॉलीवर घालून आणतात, हौसेला मोल नाही. पण झाडावर एक मोठा राहिला की झाड म्हणतं, झालं आपलं काम, आणि नवीन फळं धरायचं कमी करतं. म्हणून दिवसाआड फेरी मारायचीच.

फायदे विचारणार तुम्ही, मला माहितीये. सुपरफूड वगैरे काही नाही. ९५ टक्के पाणी, १०० ग्रॅमला १७ कॅलरी, थोडं सी व्हिटॅमिन, बऱ्यापैकी पोटॅशियम. साल काढू नका, डोळ्यांना चांगलं ते ल्युटीन त्यातच जास्त. आणि ते झुकिनीचे नूडल्स करून पास्ता खाल्ल्याचं समाधान ज्याला मिळतं त्याला माझा नमस्कार.

एक गोष्ट मात्र सीरियसली घ्या. आई इकडे आली होती तेव्हा चिरायच्या आधी तिने टोक कापून जिभेला लावलं. मी म्हटलं अगं हा दुधी नाहीये. ती म्हणाली, "अरे भोपळ्याचंच ना घराणं, मग चाखायला काय जातंय?" तिचं बरोबर होतं. तो जुना कडूपणा अधूनमधून परत येतो, विशेषतः घरचं बी धरलं आणि शेजारी शोभेचे भोपळे असले तर परागात भेसळ होते. जर्मनीत २०१५ साली शेजाऱ्याच्या बागेतलं कडू झुकिनी खाऊन एक वयस्क गृहस्थ दगावले. शिजवून त्या कडूपणातलं विष जात नाही. कडू लागलं की थुंका आणि सगळं फेकून द्या, मसाला घालून खपवू नका.

हिवाळ्यात इथे मिळतात ती बहुतेक स्पेनची. २०१७ च्या जानेवारीत तिकडे पूर आणि थंडी एकदम आली आणि इथली शेल्फं रिकामी झाली, लोक असे हवालदिल की जणू दूध बंद झालंय. मी तरी जून ते ऑक्टोबरच खातो, बाकी वेळ आहेच की कोबी.

आता लगद्याचं. कढईवर झाकण ठेवायचं नाही, आच मोठी, जिरं-हिरवी मिरची, मीठ अगदी शेवटी, वरून दाण्याचं कूट, पाच मिनिटांत खाली. किंवा थालीपीठ. कोर्जेट किसा, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, घट्ट पिळा, आणि ते पाणी फेकू नका, त्यातच भाजणी भिजवा, वेगळं पाणी घालावं लागत नाही. आज जेवणात तेच आहे.

आणि हो, दाराशी टेबलवर पिशव्या ठेवल्यात. प्रत्येकाने जाताना एक उचलायची, "आमच्याकडे आहेत" हे कारण चालणार नाही, कारण तुमच्यातल्या तिघांना रोपं मीच दिलीयेत आणि तुमच्याकडे किती आहेत ते मला चांगलं ठाऊक आहे.