संघ वर्ग झाला, आम्ही नाही झालो

नमस्कार मंडळी. बाहेर आत्ता कुठे वारा सुटलाय. एरवी या वेळी आपण सगळे नाशिककर गंगेवर, म्हणजे गोदेच्या काठी, असतो. तो वारा सोडून तुम्ही पंख्याखाली येऊन बसलात, त्याबद्दल मनापासून आभार. मघाशी दारात दोन आजींनी मला विचारलं, "स्थलांतर म्हणजे धरणग्रस्तांचं का हो?" पत्रिकेत 'क्लबचं स्थलांतर आणि पाठीराख्यांची निष्ठा' असं छापलंय, त्यामुळे त्यांचा समज तसा झाला. मी म्हटलं, नाही, फुटबॉलचं. त्या तरीही आत येऊन बसल्या आहेत, दुसऱ्या रांगेत. आजी, तुमचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. धरणग्रस्ताला उचलून दुसरीकडे नेतात आणि त्याचं गाव पाण्याखाली राहतं. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते लोक आपल्या घरीच राहतात, त्यांचं गाव मात्र कोणीतरी ट्रकमध्ये घालून घेऊन जातं.

इथे फुटबॉलचा पूर्ण सामना, नव्वद मिनिटं, मैदानावर उभं राहून पाहिलेले किती जण आहेत? हात वर करा. पंधरा, सोळा... अरे वा. मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट आहेत.

माझी सुरुवात इथल्याच सातपूरच्या कारखान्यांच्या वसाहतीतली. साल १९८४-८५ असेल. बाबा एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याचं नाव मी घेणार नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनीही कृपया घेऊ नये. त्या कारखान्याचा फुटबॉल संघ होता. मशीन शॉप, पेंट शॉप, स्टोअर्स अशा सगळ्या खात्यांतली पोरं त्यात होती. वसाहतीच्या मागे मुरमाचं मैदान होतं. गोलचे खांब सेकंड शिफ्टला भंगारातल्या पाइपांचे वेल्डिंग करून केलेले. जाळी म्हणून द्राक्षबागेला पाखरांपासून राखण करायला लावतात ती जाळी. जोरात चेंडू बसला की ती फाटून चेंडू पलीकडच्या ओढ्यात जायचा, आणि मग गोल झाला की बाहेरून गेला यावर अर्धा तास वाद. एकदा रेल्वेच्या एका संघाविरुद्ध तो वाद इतका रंगला की शेवटी चहावाल्या मामांना बोलावून जाळीचं भोक कोणत्या बाजूने फाटलंय ते तपासायला लावलं. मामांनी भोकात हात घातला, आतून बाहेर, बाहेरून आत, आणि निकाल दिला: गोल. रेल्वेवाल्यांनी तो मानला. का मानला ते मला आजही सांगता येणार नाही. मामांचा चहा तेही पीत होते, एवढंच आठवतं.

बाबा खेळत नव्हते. ते फक्की मारायचे. रविवारी सकाळी सहाला पत्र्याच्या डब्याला खालून खिळ्याने भोकं पाडून त्यात फक्की भरायची आणि दोरी ताणून रेघ मारत जायचं. मी दोरीचं दुसरं टोक धरायचो. मधलं वर्तुळ त्यांना कधी नीट जमलं नाही, ते थोडं रताळ्यासारखं व्हायचं. पण कोपऱ्याची खूण अशी काटकोनात, की फिटरचं काम आहे हे लांबून कळावं. सात-साडेसातला माणसं जमायची. दीड-दोनशे. बायका भाजी घेऊन जाताना थांबायच्या. पिशवी खाली ठेवली की समजायचं, सामना संपेपर्यंत या हलत नाहीत.

आणि एका सोमवारी नोटीस बोर्डावर कागद लागला. त्याचं एक वाक्य बाबांनी इतक्यांदा म्हटलं की मला पाठ आहे: "क्रीडा विभाग पुढील महिन्यापासून दुसऱ्या युनिटकडे वर्ग करण्यात येत आहे." दुसरं युनिट दोनशे किलोमीटरवर. खेळाडूंना बदल्या मिळाल्या, पगारवाढ मिळाली. त्यांच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आज तर अजिबात नाही. पोटाचा प्रश्न होता. पण 'वर्ग' हा शब्द बघा. बँकेत पैसे वर्ग होतात, कर्मचारी वर्ग होतो, फाइल वर्ग होते. संघही वर्ग झाला. आम्ही दीडदोनशे माणसं कोणत्याच खात्याच्या रजिस्टरला नव्हतो, म्हणून आम्ही वर्ग झालो नाही.

बाबांनी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं. आयुष्यातलं एकमेव. उत्तर आलं नाही. युनियनच्या माणसाला भेटले, तो म्हणाला, "यात कामगारांचं नुकसान काय?" त्याचंही बरोबर होतं, कोणाचा एक रुपया कापला गेला नव्हता. काय गेलं हे सांगायला बाबांकडे शब्दच नव्हता. मला वाटतं, तो शब्द शोधतच मी चाळीस वर्षं फुटबॉलविषयी वाचत आलो.

पुढच्या रविवारी सहाला बाबांनी मला उठवलं. मी म्हटलं, "सामना नाही ना?" ते म्हणाले, "दोरी घे." आम्ही सगळं मैदान आखलं, वर्तुळासकट. साडेसातला माणसं आली. शंभर तरी असतील. कोणालाच कोणी बोलावलं नव्हतं. तासभर उभी राहिली, चहा प्यायली, घरी गेली. तिसऱ्या रविवारी वसाहतीतली पोरं त्या रेघांच्या आत शिरली आणि खेळायला लागली. त्यातला एक मी.

हे सांगताना मला भानुदासांची आख्यायिका आठवल्याशिवाय राहत नाही. एकनाथांचे पणजोबा, पैठणचे. कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती विजयनगरला नेली आणि भानुदासांनी ती परत आणली, अशी ती कथा. आपण नेहमी मूर्ती परत आणण्याच्या चमत्कारावर बोलतो. मला मधल्या काळाचं कुतूहल वाटतं. विटेवर कोणी नाही, आणि आषाढी तर आली. विजयनगरला जाऊन दर्शन घेता आलं असतं, देव तिथे होताच, चांगल्या मोठ्या मंदिरात होता. पण माणसांची वाट चंद्रभागेचीच. आपल्याकडे निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघते, सातपूरवरून नाशकात येते. दर वर्षी ती पाहताना मी हाच विचार करतो.

चिठ्ठी आली आहे. "पंधरा मिनिटे. इंग्लंड राहिले." हो, राहिलं खरं.

तर विम्बल्डन. टेनिसचं माहीत आहे, फुटबॉलचं ऐका. १८८९ मध्ये स्थापन झालेला क्लब, १९१२ पासून प्लाउ लेन नावाच्या मैदानावर. १९७७ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या व्यावसायिक श्रेणींमध्ये, शिरला, १९८६ मध्ये सर्वोच्च श्रेणीत, आणि १९८८ मध्ये एफए कप या तिथल्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १-० हरवलं. लॉरी सांचेझचा गोल. गोलकीपर डेव्ह बीझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिली वेळ. १९९१ मध्ये त्यांनी प्लाउ लेन सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू झाले. मग मालकांनी ठरवलं, क्लब मिल्टन कीन्सला न्यायचा. अंतर नव्वदेक किलोमीटर, आपल्या नाशिकहून शिर्डी. २८ मे २००२ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. पाठीराख्यांनी तळापासून नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं होणार नाही, असंही त्या निकालात म्हटलं होतं.

पाठीराख्यांनी काही आठवड्यांत क्लब काढला. एएफसी विम्बल्डन. खेळाडू नव्हते, म्हणून गावच्या कुरणावर, विम्बल्डन कॉमनवर, निवड चाचणी ठेवली. दोनशे तीस जण आले. जुलैमधल्या पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्यात सटनकडून ४-० हरले, आणि तो बघायला साडेचार हजारांवर माणसं होती. हे सगळं अगदी खालच्या, काउंटी पातळीवरच्या लीगसाठी. त्याच ऑक्टोबरमध्ये जुन्या क्लबचा, अजून लंडनमध्येच असलेल्या वरच्या श्रेणीतल्या क्लबचा, रॉदरहॅमशी सामना झाला. प्रेक्षक ८४९. हा आकडा मी कागदावर न बघता सांगतो आहे. शंभर वर्षांचा क्लब, आणि ८४९.

लोक म्हणतात, पाठीराखा एकनिष्ठ असावा, क्लब जिथे जाईल तिथे त्याने जावं. निष्ठेचा हा अर्थ मालकाच्या सोयीचा आहे. विम्बल्डनचे लोक कुठे गेले नाहीत. सातपूरच्या मैदानावर शंभर माणसं उभी होती, तीही कुठे गेली नव्हती. त्यांना बदलले म्हणणं मला सहन होत नाही, माफ करा, आवाज चढला.

आता युक्तिवाद पटापट सांगतो, घरून लिहून आणलेली चार पानं आहेत, त्यातलं जमेल तेवढं.

आक्षेप पहिला: मग आर्सेनलचं काय? तो क्लब मुळात थेम्सच्या दक्षिणेला, वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांचा. १९१३ मध्ये नदी ओलांडून हायबरीला गेला. वीसेक किलोमीटर. आज कोणाला खुपत नाही, कारण दुखावलेली पिढी संपली. माझ्या मते यातून एवढंच सिद्ध होतं की माणसं मरतात. आणि अंतर कमी म्हणून घाव कमी, असंही नाही. दक्षिण कोरियातला आन्यांगचा संघ २००४ मध्ये शेजारच्याच सोलला नेला गेला. आन्यांगच्या लोकांनी सोलच्या संघाला आपलं म्हटलं नाही. २०१३ मध्ये त्यांच्या शहराचा स्वतःचा एफसी आन्यांग उभा राहिला, आणि २०२५ मध्ये तो सोलच्याच श्रेणीत खेळला. तेव्हा किलोमीटर मोजू नका. ज्यांचा क्लब आहे त्यांना विचारलं होतं का, तेवढं बघा.

विचारायची सोय करता येते. जर्मनीत साधारणपणे क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मतं असावी लागतात, पन्नास अधिक एक. अमेरिकेत ओहायो राज्याने आपल्या क्लीव्हलँडचा अमेरिकन फुटबॉलचा संघ बाल्टिमोरला गेल्यावर कायदा केला: सरकारी पैशाच्या स्टेडियमवर खेळणारा संघ हलवायचा तर सहा महिने आधी कळवा आणि स्थानिकांना विकत घ्यायची संधी द्या. त्याच राज्यातल्या कोलंबसचा फुटबॉल क्लब ऑस्टिनला जाणार असं २०१७ मध्ये जाहीर झालं तेव्हा तोच कायदा आणि रस्त्यावर उतरलेले पाठीराखे, दोन्ही उपयोगी पडले. क्लब कोलंबसमध्येच राहिला. इंग्लंडने २०२५ मध्ये कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणला. आता क्लबला घरचं मैदान बदलायचं तर त्याची मंजुरी लागते.

आणि आपल्याकडे? इंडियन सुपर लीगमध्ये पुण्याचा एफसी पुणे सिटी बालेवाडीला २०१४ पासून पाच हंगाम खेळला. एकदा उपांत्य फेरीत गेला, तिथे बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने तीन गोल करून त्यांना परत पाठवलं. २०१९ मध्ये पुण्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला. हैदराबादने २०२२ मध्ये विजेतेपद मिळवलं, आणि २०२५ मध्ये तोही दिल्लीला गेला. म्हणजे दिल्लीकरांचा एक संघ गेला आणि सहा वर्षांनी हैदराबादकरांचा त्यांना मिळाला. यात कोणत्या गावच्या पोराने कोणता शर्ट जपून ठेवायचा? आपण याला फ्रँचायझी म्हणतो, आणि फ्रँचायझी म्हटलं की गाव हा फक्त पत्ता होतो. आपल्याकडे गोल्फ क्लब मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचं नाव देऊन इतकी वर्षं झाली, तरी रिक्षावाल्याला आपण गोल्फ क्लबच सांगतो. इतका चिवटपणा आपण एका मैदानाच्या नावाबाबत दाखवतो. संघाबाबत दाखवायचा तर आधी संघात आपला वाटा हवा, दहा रुपयांचा का असेना. नाशिकमध्ये उद्या कोणी संघ काढलाच, तर पहिल्या सभेत मी हा एकच मुद्दा मांडणार आहे. इथे क्रीडा संघटनेचे काही जण बसले आहेत, त्यांनी तो आजच लिहून घ्यावा.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दोन मिनिटं, विम्बल्डनचं अर्धवट सोडवत नाही.

नऊ वर्षांत पाच बढत्या घेत तो क्लब २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये परतला. मालकी पाठीराख्यांच्या ट्रस्टची. मधे, २००७ मध्ये, मिल्टन कीन्सवाल्यांनी जुन्या क्लबच्या ट्रॉफ्या विम्बल्डन ज्या मर्टनच्या हद्दीत येतं तिथल्या कौन्सिलकडे परत केल्या. म्हणजे मूर्ती परत आली, देऊळ बांधायचं राहिलं होतं. जुनं प्लाउ लेन पाडून तिथे घरं झाली होती. त्याच्या शेजारीच, काहीशे पावलांवर, नवीन स्टेडियम बांधायचं ठरलं. पैसे कमी पडले तेव्हा पाठीराख्यांनी रोखे घेऊन पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली.

३ नोव्हेंबर २०२० रोजी तिथे पहिला सामना झाला. डॉनकास्टरविरुद्ध २-२. १९९१ नंतर पहिल्यांदा घरी. आणि स्टँड रिकामे होते, करोनामुळे प्रेक्षकांना परवानगी नव्हती. ज्यांनी रोखे घेतले, ज्यांनी कुरणावरची ती निवड चाचणी पाहिली होती, ते सगळे घरात टीव्हीसमोर. तो सामना मी सातपूरला रात्री जागून फोनवर पाहिला. रिकाम्या स्टँडच्या पुढे हिरवंगार मैदान आणि त्यावर ताज्या पांढऱ्या रेघा. मधलं वर्तुळ अगदी गोल होतं.

धन्यवाद.